मशीन भरतकामासाठी दोऱ्याचे रंग निवडताना

पडद्यावर डिझाइन सुरेख दिसतं, टाके नीट पडतात, दोरा एकदाही तुटत नाही आणि हूप (कापड ताणून धरणारी चौकट) उघडल्यावर पान कुठे संपतं नि देठ कुठून सुरू होतो हेच कळत नाही. अशा वेळी नवशिक्या माणसाचा हात आधी दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या टेन्शनच्या चकतीकडे जातो. मशीनचा काहीच दोष नसतो. शेजारी शेजारी पडलेले दोन दोरे नावाने वेगळे असले, तरी सारखेच गडद असतात, एवढंच. लाल आणि हिरवा हे एकमेकांपासून कितीही लांबचे रंग असोत, दोन्ही मध्यम गडद असले तर हातभर अंतरावरून त्यांचा एकच डाग दिसतो.

म्हणून या लेखात रंगाच्या नावापेक्षा गडद-फिकट याचाच हिशेब जास्त येईल. तो एकदा डोळ्यात बसला की उरलेलं बरंचसं सवयीने जमतं.

पहिली पायरी: कापड हातात घ्या

रिळं काढण्याआधी तेच कापड समोर ठेवा ज्यावर काम होणार आहे. त्याच्याशी मिळतंजुळतं दुसरं चालणार नाही. कापडाचा रंग हा डिझाइनमधला एक न मोजलेला रंग असतो: टाक्यांच्या फटीतून तो डोकावतो, पाकळ्यांमधल्या मोकळ्या जागा तोच भरतो.

कापडाचा पोत तितकाच महत्त्वाचा. घट्ट विणीच्या सुती कापडावर दोरा सपाट बसतो आणि स्वतःचा रंग पूर्ण दाखवतो. टर्किश टॉवेल किंवा फ्लीसवर मात्र लव आणि फासे टाक्यांतून वर येतात, आणि गडद टॉवेलवरचं फिकट पिवळं अक्षर मळकट दिसू लागतं. त्यावर वरून पाण्यात विरघळणारी फिल्म लावतात. तेवढ्याने भागत नसेल तर अक्षराखाली टॉवेलच्याच रंगाच्या दोऱ्याने विरळ भरणी घालून फासे आधी दाबून टाकतात, ज्याला नॉकडाउन म्हणतात. या भरणीचा दोरा टॉवेलशी जितका जुळेल तितकी ती लपते.

मागचा स्टॅबिलायझर, म्हणजे कापडाला आधार द्यायला मागून लावतात तो थर किंवा बॅकिंग, हीसुद्धा रंगाचीच बाब आहे. काळ्या टी-शर्टला पांढरं बॅकिंग लावलं की गळ्याच्या किंवा बाहीच्या कडेला ते चमकतं, आणि पातळ पांढऱ्या कापडाआड काळं बॅकिंग सावलीसारखं दिसतं. गडद कापडाला काळं, फिकटाला पांढरं.

दुसरी पायरी: दोरा कोणत्या जातीचा

भरतकामाच्या मशीनला बहुतेक वेळा ४० वेटचा दोरा लावतात. बाजारातल्या बहुतांश डिझाइन्स याच जाडीसाठी, टाक्यांच्या ओळींत साधारण ०.४ मिलिमीटर अंतर धरून बनवलेल्या असतात. वेटचा आकडा जितका मोठा तितका दोरा बारीक. म्हणजे ६० वेट बारीक, ३० वेट जाड. ४० वेटला ७५/११ ची सुई, ६० वेटला ६५/९ ची. पाच मिलिमीटरपेक्षा लहान अक्षरं ४० वेटने काढली तर 'अ' आणि 'आ' ची पोटं भरून जातात, तिथे ६० वेट वापरा. मात्र त्याच फाइलमध्ये नुसता दोरा बारीक केला तर ओळी उघड्या पडतात, खालचं कापड दिसतं आणि रंग फिका वाटतो. बारीक दोऱ्याला ओळीही जवळ आणाव्या लागतात.

जाती मुख्यतः दोन: रेयॉन आणि पॉलिएस्टर. रेयॉनची चमक मऊ असते, रेशमाकडे झुकणारी. भरतकामाचं पॉलिएस्टर बहुधा ट्रायलोबल असतं, म्हणजे त्याच्या तंतूचा छेद तीन पाकळ्यांचा असतो. प्रकाश त्या कडांवरून परततो, त्यामुळे ते जरा कडक चमकतं. निवड रंगापेक्षा वापरावरून करा. जे कपडे वारंवार, गरम पाण्यात किंवा क्लोरीनच्या ब्लीचने धुतले जाणार, त्यांना पॉलिएस्टर: मुलांचे कपडे, गणवेश, टॉवेल, एप्रन. भिंतीवरची चौकट, उशीचा अभ्रा किंवा क्वचित धुतली जाणारी वस्तू असेल तर रेयॉन खुलतो. ब्लीच लागलं की रेयॉनचा रंग उतरतो, शिवाय ओला असताना तो कमजोर असतो.

एकाच डिझाइनमध्ये दोन्ही जाती मिसळू नयेत असा नियम नाही, पण का मिसळताय हे ठाऊक असू द्या. शेजारी शेजारी तोच निळा एकात रेयॉन आणि दुसऱ्यात पॉलिएस्टर असेल तर चमकेतला फरक लगेच उठून दिसतो, आणि बघणाऱ्याला ते दोन वेगळे निळे वाटतात.

तिसरी पायरी: फाइल काय सांगते, काय सांगत नाही

मशीनच्या पडद्यावर जांभळं हरिण आणि हिरवं आकाश दिसलं तर घाबरू नका. डीएसटी आणि ईएक्सपी या प्रकारच्या फाइलमध्ये रंगांची माहिती नसतेच. 'इथे थांब, दोरा बदल' एवढीच सूचना असते, आणि पडदा आपल्या मनाने रंग भरतो. पीईएस, जेईएफ अशा घरगुती मशीनच्या फाइलमध्ये रंग साठवलेले असतात, पण तेही डिझाइन बनवणाऱ्याने ज्या कंपनीच्या यादीतून घेतले त्या यादीचे. तुमच्या कपाटात ती कंपनी असेलच असं नाही.

डिझाइनसोबत रंगांचा तक्ता येतो. तो छापून घ्या आणि प्रत्येक थांब्यासमोर तीन गोष्टी लिहा: थांबा क्रमांक, तिथे काय भरलं जाणार (देठ, मागची पाकळी, डोळ्याची कड), आणि त्याच्या शेजारी काय आहे. तिसरा रकाना सगळे गाळतात, आणि खरं काम तोच करतो. रंग तक्त्यात दिले तसेच घ्यायचे बंधन नाही. गडद-फिकट क्रम मात्र जपा: मूळ डिझाइनमध्ये जिथे सर्वात गडद आहे तिथे तुमचाही सर्वात गडदच हवा. असं केलं की केशरी फूल निळं केलं तरी फूलच दिसतं.

चौथी पायरी: एक पदर ओढून बघा

रिळावर शेकडो वेढे एकमेकांवर असतात, म्हणून रीळ नेहमी प्रत्यक्षापेक्षा गडद आणि गच्च दिसतं. टाका पडला की तोच दोरा एका थरात पसरतो आणि एखादी पायरी उजळ होतो. रीळ कापडावर उभं ठेवून रंग ठरवणं म्हणूनच फसवं.

एक वीतभर दोरा ओढा आणि कापडावर मोकळा टाका, सरळ न ठेवता दोन-तीन वळसे येऊ द्या. तो कापडात विरतोय की वर उठतोय हे तेवढ्यातही कळतं. त्याहून बरं म्हणजे जाड कार्डाच्या पट्टीला दोऱ्याचे आठ-दहा वेढे शेजारी शेजारी, फट न ठेवता गुंडाळणं. डिझाइनमधले सगळे रंग शेजारधर्माप्रमाणे एकाच पट्टीवर घ्या: देठाशेजारी पान, पानाशेजारी पाकळी. ही पट्टी कापडावर आडवी ठेवली की भरलेल्या कामाचा जवळजवळ नमुनाच मिळतो.

हे सगळं दिवसा खिडकीजवळ करा, पण थेट उन्हात नको. मग तीच पट्टी ज्या दिव्याखाली वस्तू वापरली जाणार तिथे नेऊन बघा. दोन दोरे दिवसा तंतोतंत जुळतात आणि पिवळ्या बल्बखाली एक तपकिरी, एक हिरवट दिसतो, याला मेटामेरिझम म्हणतात. राखाडी, बदामी, शेवाळी आणि नेव्ही ब्लू या रंगांत हा प्रकार सर्वात जास्त छळतो. कापडाशी दोरा जुळवायचा असेल तेव्हा दोन दिव्यांखाली पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पाचवी पायरी: रंग काढून टाका

पट्टी कापडावर ठेवा, मोबाइलने फोटो काढा, आणि त्यातला रंग पूर्ण काढून काळा-पांढरा करा. आता शेजारचे दोन वेढे एकाच राखाडी रंगाचे झाले असतील, तर टाकल्यावर ते एकमेकांत मिसळणार. त्यातला एक बदला. मोबाइल हाताशी नसेल तर डोळे बारीक करून बघा, तोच परिणाम मिळतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते एका सूर्यफुलावर पाहू. फाइल एकच, थांबे सहा: गडद हिरवा देठ, मध्यम हिरवं पान, मागच्या पाकळ्यांना केशरी पिवळा, पुढच्या पाकळ्यांना लिंबू पिवळा, मधल्या चकतीला चॉकलेटी, आणि शेवटी सगळ्याभोवती काळी कड.

कापड मोतिया रंगाचं घेतलं तर देठ, पान आणि चकती छान उठतात, पण लिंबू पिवळा जवळजवळ कापडाइतकाच फिकट असल्याने पुढच्या पाकळ्या नाहीशा होतात. डोळ्याला दिसतं ते काळ्या तारेने काढलेलं फुलाचं रेखाचित्र. उपाय कड जाड करण्यात नाही. सगळे पिवळे एकेक पायरी खाली आणा: पुढच्या पाकळ्यांना हळदी, मागच्यांना तपकिरीकडे झुकणारा केशरी, आणि कड काळ्याऐवजी चॉकलेटी.

तीच फाइल गडद निळ्या डेनिमवर टाका. आता लिंबू पिवळा पेटून उठतो, तो तसाच राहू द्या. पण गडद हिरवा देठ निळ्यात बुडाला, आणि काळी कड तर दिसतच नाही, टाके फुकट गेले. देठाला मध्यम हिरवा आणि पानाला पोपटी घ्या. कडेचा थांबा पाकळ्यांपुरता तपकिरी करा किंवा चक्क गाळा. चकतीचा चॉकलेटी मात्र बदलायची गरज नाही. तो डेनिमइतकाच गडद आहे, पण डेनिमला लागून नाही, चहूबाजूंनी पिवळ्याने वेढलेला आहे. तक्त्यातला तिसरा रकाना का भरायचा, ते इथे कळतं.

शेजाऱ्याचा परिणाम

मिशेल यूजेन शेव्हरूल हा फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ या टॅपेस्ट्री (भिंतीवर लावायची चित्रवस्त्रं) विणणाऱ्या कारखान्यात रंगाईचं काम पाहत होता. तिथला काळा रंग फिका पडतो, निळ्या-जांभळ्याच्या सावल्यांत त्याला खोली येत नाही, अशी तक्रार होती. त्याने तपासलं तर काळ्या रंगाईत खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्यामुळे डोळ्यालाच तो काळा तसा भासत होता. १८३९ साली त्याने यावर मोठा ग्रंथ छापला. भरतकाम करणाऱ्याला त्यातलं एवढं पुरतं: रंग आपल्या शेजाऱ्याला स्वतःच्या विरुद्ध बाजूला ढकलतो.

व्यवहारात ते असं दिसतं. शुद्ध राखाडी लालाशेजारी हिरवट दिसतो, म्हणून लाल कापडावर चांदीसारखा राखाडी हवा असेल तर किंचित उबदार राखाडी निवडा. मध्यम गुलाबी पांढऱ्यावर गडद आणि मरूनवर फिकट वाटतो. लाल कापडावर त्याच गडदपणाचा हिरवा बारीक अक्षरांत घातला तर कडा थरथरतात, वाचवत नाही. आणि लाल-हिरव्याचे बारीक टाके एकमेकांत मिसळून टाकले तर दुरून दोन्ही जाऊन राखट तपकिरी उरतो. छटांचा मिलाफ साधायचा असेल तर रंगचक्रात शेजारी असलेल्या रंगांचा साधा, समोरासमोरच्यांचा नको.

छटा: तीन पुरतात, पण अंतर ठेवून

पाकळी गोलसर दिसावी म्हणून गडद, मध्यम आणि फिकट असे तीन दोरे घेतात. शेड कार्डावर लागोपाठचे तीन नंबर उचलणं ही यातली सर्वात नेहमीची चूक. कार्डावर ते वेगळे दिसतात, कारण तिथे त्यांच्यामध्ये पांढरी पट्टी असते. टाक्यात ते एक होतात, आणि दोन वेळा दोरा बदलल्याचं फळ शून्य. मधली एक-दोन घरं सोडून पुढची छटा घ्या आणि काळ्या-पांढऱ्या फोटोत तिन्ही सुटी दिसतात का ते बघा. मधल्या छटेला सर्वात जास्त जागा द्या. फिकट फक्त जिथे प्रकाश पडतो तिथे.

सावली म्हणजे त्याच रंगात काळा मिसळणं नव्हे. पिवळ्याची सावली केशरी आणि मग बदामी-तपकिरीकडे जाते; पिवळ्याशेजारी राखाडी घातला तर फूल शिळं दिसतं. लालाची सावली मरूनकडे, पोपटीची निळसर हिरव्याकडे, आकाशीची जांभळटाकडे. उजेडाच्या बाजूला जाताना रंग थोडा पिवळ्याकडे सरकतो.

दुसरी छटा घेण्याआधी मात्र टाक्यांची दिशा बघा. दोऱ्याला चमक असते, म्हणून एकाच रिळाने भरलेल्या दोन पाकळ्या, एकीचे टाके उभे आणि दुसरीचे आडवे असतील, तर दोन छटांच्या दिसतात. सॅटिन टाक्यात, म्हणजे एका कडेपासून दुसरीपर्यंत जाणाऱ्या दाट, लांब टाक्यांच्या पट्टीत, हा फरक सर्वात जास्त. भरलेला तुकडा हातात धरून चतकोर फिरवा: उजळ पाकळी मंद होते आणि मंद होती ती उजळते. चांगल्या डिझाइनमध्ये हे मुद्दाम केलेलं असतं, तिथे दोन रंग घालून तो खेळ मोडू नका. उलट दोन तुकड्यांत रंग एकसारखाच दिसायला हवा असेल, जसं बोधचिन्हातलं अक्षर, तर टाक्यांचा कोन सारखा ठेवावा लागतो. दोरा बदलून ते दुरुस्त होत नाही.

काळा आणि पांढरा जपून

सगळ्या आकारांना काळी कड घातली की काम रंगवायच्या पुस्तकासारखं दिसतं. व्यंगचित्रासारख्या डिझाइनला ते शोभतं. फुलं, पक्षी, प्राणी यांना नाही. तिथे कडेला त्या भागातल्याच रंगाची सर्वात गडद छटा घ्या, नाहीतर गडद तपकिरी, नेव्ही किंवा कोळशासारखा राखाडी. काळा राखून ठेवावा तो डोळ्याच्या बाहुलीला आणि चोचीच्या टोकाला.

शुभ्र पांढरा मोतिया किंवा क्रीम कापडावर निळसर दिसतो आणि बाकीचं काम जुनाट वाटायला लावतो. अशा कापडावर ऑफ-व्हाइट घ्या आणि शुभ्र फक्त डोळ्यातल्या चमकेच्या तीन-चार टाक्यांना ठेवा. काळ्या कापडावर पांढरी भरणी राखाडी दिसत असेल तर दोष रंगाचा नसतो, खालून कापड दिसत असतं. अंडरले (भरणीच्या आधी खाली पडणारे आधाराचे टाके) घातला आहे ना ते बघा, आणि ओळींतलं अंतर ०.४ वरून ०.३६ च्या आसपास आणा. त्याहून दाट केलं तर कापड आक्रसतं आणि सुया मोडतात.

पांढऱ्याची आणखी एक गंमत म्हणजे तो खालचं सगळं उघड करतो. मशीन एका पाकळीवरून दुसरीवर उडी मारताना मागे जंपचा दोरा सोडतं. तो काळा किंवा लाल असेल, न कापता राहिला आणि त्यावर पांढरी भरणी पडली, तर पांढऱ्याआड एक करडी रेघ कायमची दिसत राहते. वरून काही करून ती निघत नाही. फिकट रंगाच्या थांब्याआधी मशीन थांबलं की हूप न काढता बारीक, वाकड्या टोकाच्या कात्रीने गडद दोऱ्याची सगळी टोकं कापून घ्या. गडद दोऱ्याचे उडालेले बारीक तंतूही फुंकून टाका.

बॉबिनचा रंग

बॉबिन म्हणजे मशीनखालचं छोटं रीळ. त्यातला खालचा दोरा साधारण ६० किंवा ९० वेटचा, पांढरा किंवा काळा. सॅटिनच्या पट्टीची मागची बाजू बघा: मध्ये एक तृतीयांश बॉबिनचा दोरा आणि दोन्ही कडांना वरचा दिसला तर टेन्शन बरोबर आहे. वरचं टेन्शन जास्त झालं की पांढरे ठिपके कडेने वर येतात, आणि गडद निळ्या पट्टीवर ते कोंड्यासारखे दिसतात. आधी टेन्शन सैल करा; गडद कामाला काळी बॉबिन लावली तर उरलंसुरलं लपतंही. स्कार्फ किंवा हातरुमालासारख्या, मागची बाजूही दिसणाऱ्या वस्तूला वरचाच रंग बॉबिनमध्ये भरा.

नंबर आणि पर्याय

रंगांची नावं विसरा, नंबर लिहा. एका कंपनीचा 'रॉयल ब्लू' दुसरीचा नेव्ही असू शकतो. एका कंपनीतही जातीनुसार नंबर बदलतात: मडेराच्या क्लासिक रेयॉनमध्ये काळा १०००, तर त्यांच्याच पॉलिनिऑन पॉलिएस्टरमध्ये काळा १८००. एका कंपनीचा नंबर दुसरीत कोणता, हे सांगणारे तक्ते मिळतात, पण त्यात दिलेला असतो सर्वात जवळचा रंग, तोच रंग नव्हे. एकट्या फुलाला तेवढा फरक खपतो. तीन छटांच्या संचात मात्र एकच छटा दुसऱ्या कंपनीची घेतली तर ती थोडी उबदार किंवा थंड पडते आणि संच तुटतो. अशा वेळी तिन्ही एकाच कंपनीचे घ्या. पँटोनचा (छपाईच्या रंगांच्या प्रमाण यादीतला) नंबर देऊन 'हाच हवा' म्हणणाऱ्यालाही आधी दोरा दाखवा. शाई आणि चमकणारा दोरा तंतोतंत जुळत नाहीत.

शेड कार्ड घ्यायचं तर खऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांचं घ्या. छापील कार्ड आणि मोबाइलवरचा फोटो या दोन्हींवरून रंग मागवणं म्हणजे अंदाजपंचे.

नमुना टाकल्याशिवाय सुरुवात नको

डिझाइनचे सगळे रंग घेऊन प्रत्येकी २ सेंटिमीटरचे चौकोन एकमेकांना चिकटवून, त्याच कापडावर, त्याच स्टॅबिलायझरसह टाका. ०.४ मिलिमीटर अंतराने एका चौकोनात ५० ओळी येतात, टाका ४ मिलिमीटरचा धरला तर अंदाजे अडीचशे टाके. अंडरले धरून दोनएक मीटर दोरा जातो आणि वेळ अगदीच थोडा. पूर्ण काम उसवण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

मग नमुना दोन मीटर लांब भिंतीला लावा आणि बघा. हूप मांडीवर असताना आपण टाके बघतो, लोक मात्र चित्र बघतात. गडद लाल, मरून किंवा काळा दोरा फिकट कापडावर जाणार असेल तर नमुना साबणाच्या कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, पांढऱ्या फडक्यात दाबून वाळवा. फडक्यावर गुलाबी डाग आला तर तो दोरा पांढऱ्या कापडासाठी बाद.

रंग पक्के झाले की क्रम तपासा. एकसुई मशीनवर दोरा बदलण्याचा कंटाळा येतो, म्हणून सॉफ्टवेअरला एकसारखे रंग एकत्र करायला सांगतात. ते सोयीचं आहे, पण मागचं पान पुढच्या पाकळीवर चढू शकतं. एकत्र केल्यावर पडद्यावर टाके पडण्याचा क्रम सावकाश चालवून बघा.

खास दोरे

बहुरंगी दोऱ्याचा मोह पहिल्याच महिन्यात होतो. अरुंद सॅटिनमध्ये, देठात, साध्या धावत्या टाक्यात तो सुंदर उतरतो. मोठ्या भरणीत मात्र रंग बदलण्याच्या जागा ओळींवर ओळी साचून आडवे पट्टे पडतात, आणि त्यावर आपला काहीच ताबा नसतो. बारीक तपशिलाच्या डिझाइनला तो लावूच नका.

जरीसारखा मेटॅलिक दोरा चमकेसाठी थोडाच वापरावा. मोठ्या डोळ्याची ९०/१४ सुई, वेग मिनिटाला ४००-६०० टाके, टेन्शन सैल, आणि रीळ मशीनपासून थोडं लांब ठेवा म्हणजे दोऱ्याचा पीळ मधल्या अंतरात सुटतो. रंग म्हणून तो फसवा आहे: उजेडात सोनेरी फिकट, सावलीत जवळजवळ तपकिरी. फिकट कापडावर सोनेरी अक्षरं त्यामुळे अर्धा वेळ वाचता येत नाहीत. कडेला एक गडद धावता टाका दिला तर जमतं.

पहिली खरेदी

शंभर रंगांच्या तयार संचात एकमेकांसारखे गुलाबी आणि निळे भरपूर, आणि राखाडी-तपकिरी एखाददुसराच असतो. प्रत्यक्षात लागतात ते नेमके हेच. सुरुवातीला चोवीस निवडून घ्या: काळा, कोळशी राखाडी, मध्यम राखाडी, फिकट राखाडी, शुभ्र, ऑफ-व्हाइट, चॉकलेटी, मध्यम तपकिरी, बदामी, गव्हाळ, नेव्ही, मध्यम निळा, आकाशी, गडद हिरवा, पानाचा हिरवा, पोपटी, मरून, लाल, केशरी, हळदी, लिंबू, गडद गुलाबी, फिकट गुलाबी, जांभळा. बहुतेक रंगांच्या निदान दोन पायऱ्या हाताशी असल्या की छटा आणि कड दोन्ही भागतात.

हजार टाक्यांना वरचा दोरा साधारण ५ ते ६ मीटर लागतो, टाका लांब असेल तर अधिक. म्हणजे १००० मीटरच्या रिळात दीड लाखाहून जास्त टाके होतात. काळा आणि पांढरा ५००० मीटरच्या कोनमध्ये घेतलेले परवडतात, बाकीचे लहान रिळात. एकाच प्रकारच्या पाच-दहा नगांचं काम असेल तर सगळा दोरा एका लॉटचा, एकदमच घ्या. नंतर आणलेलं त्याच नंबरचं रीळ किंचित वेगळं निघू शकतं आणि सहावा शर्ट पहिल्या पाचांत उठून दिसतो.

रिळं बंद डब्यात, उन्हापासून लांब ठेवा. खिडकीतल्या शोभेच्या स्टँडवर रेयॉनचा बाहेरचा थर उडतो, आणि मधूनच रंग बदलतो तेव्हा कारण सापडत नाही. टाकलेल्या प्रत्येक नमुन्यामागे पेनाने कंपनी, नंबर, कापड आणि तारीख लिहून तो वहीत चिकटवा. पुढच्या वेळी निम्मी पट्टी त्यातूनच तयार मिळते.